माळ्यावरचा मारियो

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक खोकं खाली आलं. वर सुतळी, सुतळीवर धूळ आणि धुळीखाली माझ्याच अक्षरात लिहिलेलं "हात लावू नये". पाचवीत असताना लिहिलेली धमकी तीस वर्षांनी मलाच वाचायला मिळाली. उघडलं तर आत आमचा टीव्ही गेम! पांढऱ्याचा पिवळा पडलेला डबा, दोन रिमोट (कंट्रोलर हा शब्द आम्हाला फार उशिरा कळला), चार कॅसेटी आणि शेपूट तुटलेला अडॅप्टर.

चिरंजीव शेजारीच उभे होते. वय वर्षं अकरा. त्याने डबा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "बाबा, हे हॅक करता येईल का? यात सगळे जुने गेम टाकता येतात, फुकट. वर्गातल्या एकाने केलंय."

मी काही बोलणार एवढ्यात पलीकडे पेपर वाचत बसलेले आमचे बाबा, म्हणजे त्याचे आजोबा, चष्म्यावरून बघत म्हणाले, "फुकट म्हणजे कुणाचं?"

प्रश्न तीन शब्दांचा. उत्तर द्यायला मला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात जे वाचलं, उघडलं, डागलं आणि आठवलं, ते इथे मांडतोय.

तर आधी थोडं मागे जाऊ. साल 1994. आम्ही भोसरीत राहायचो. बाबा आधी एका कंपनीत टूलरूमला होते, मग त्यांनी एमआयडीसीत भाड्याचा गाळा घेऊन स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. एक मिलिंग, एक लेथ, एक ड्रिल आणि दोन माणसं. जिग-फिक्स्चर बनवून द्यायचे. या पट्ट्यात वाढलेल्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. 1954 साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, पुढे टेल्को, बजाज आणि त्यांच्यामागून शेकडो छोटे गाळे. आमच्याकडे आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. सगळ्यांनी एकाच दिवशी विजेवर ताण देऊ नये म्हणून औद्योगिक भागांच्या सुट्ट्या वाटून दिलेल्या. देखभालीसाठी लाइटही गुरुवारीच जायची. त्यामुळे लहानपणी आमची आणि बाबांची सुट्टी कधी जुळलीच नाही. रविवारी आम्ही घरी, ते गाळ्यावर. गुरुवारी ते घरी, आम्ही शाळेत.

त्या दिवाळीला काम बरं झालं होतं. बाबा आम्हा दोघा भावांना पिंपरी कॅम्पात घेऊन गेले. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभी केलेली ही बाजारपेठ. कपडा, भांडी, खेळणी, इलेक्ट्रॉनिक्स, काय वाट्टेल ते मिळायचं. तिथल्या एका दुकानातून हा डबा आला. दुकानदाराने "एकदम जपानी माल" असं सांगितल्याचं मला लख्ख आठवतं. डब्यावर जपानी काहीच नव्हतं. पण आमच्या डोळ्यांपुढे मारियो उड्या मारत होता, अक्षरं कोण वाचतो!

आता हा डबा मुळात काय होता, ते बघा.

15 जुलै 1983 ला जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीने फॅमिली कॉम्प्युटर नावाचं यंत्र बाजारात आणलं. लोकांनी त्याला लाडाने "फॅमिकॉम" म्हटलं. 1985 मध्ये तेच यंत्र वेगळ्या पेहरावात, "एनईएस" नावाने अमेरिकेत गेलं. जाताना त्यात एक कुलूप बसवलं. यंत्रात एक छोटी चिप आणि प्रत्येक कॅसेटमध्ये तिची जोडीदार. दोघींची खूण पटली तरच गेम चालायचा. कॅसेटच्या पिनाही 60 च्या 72 केल्या. पण मूळ जपानी फॅमिकॉममध्ये हे कुलूप नव्हतंच. तैवानच्या आणि हाँगकाँगच्या कारखानदारांनी नक्कल केली ती या बिनकुलुपी जपानी यंत्राची. तैवानच्या यूएमसी कंपनीने त्याच्या चिपांच्या नकला बनवल्या आणि त्या चिपांवर जगभर शेकडो नावांचे डबे उभे राहिले. रशियात 1992 पासून हाच डबा "डेंडी" नावाने घरोघरी गेला. चीनमध्ये "सुबोर" नावाने कीबोर्ड लावून, अभ्यासाचं यंत्र म्हणून विकला गेला. पालकांना पटवायची युक्ती सगळीकडे एकच!

आपल्याकडे काय झालं? निन्टेन्डोचं परवान्याने आलेलं यंत्र "सामुराई" नावाने मिळायचं. पण बहुतेक घरांत पोचले ते नकली डबे. "मीडिया", "लिटल मास्टर" ही नावं माझ्या पिढीला झोपेतही आठवतील. प्रतिस्पर्धी सेगा कंपनीने 1995 साली शॉ वॉलेसशी करार करून आपलं मेगा ड्राइव्ह भारतात आणलं. होय, तीच दारू बनवणारी शॉ वॉलेस! आयातकर 80 टक्के होता, तो टाळण्यासाठी ही वाट. तरीही किंमत होती 18,000 रुपये. तेव्हा आमच्या गाळ्यावरच्या दोघांचा मिळून कित्येक महिन्यांचा पगार. म्हणजे अस्सल माल एक तर दिसायचा नाही, किंवा दिसला तरी परवडायचा नाही. नकलीने जागा घेतली यात नवल नाही. हे समर्थन म्हणून सांगत नाही, घडलं तसं सांगतोय.

आणि गेम तरी काय होते! ज्याला प्लॅटफॉर्म गेम म्हणतात, म्हणजे फळ्या, विटा, खड्डे यांवरून उड्या मारत पुढे जायचं, त्या प्रकाराला लोकप्रिय केलं 1981 च्या "डाँकी काँग"ने. शिगेरू मियामोतो या तरुण डिझायनरचा तो खेळ. त्यातला उड्या मारणारा सुतार म्हणजेच पुढचा मारियो. 13 सप्टेंबर 1985 ला आला "सुपर मारियो ब्रदर्स". तो अख्खा गेम 40 किलोबाइटचा. 32 किलोबाइट प्रोग्रॅम आणि 8 किलोबाइट चित्रं. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर येणारी गुलाबाच्या फुलाची "शुभ सकाळ" सहसा याहून मोठी असते. जागा वाचवायला त्यांनी काय काय केलं असेल? आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. ढग पांढरा, झुडूप हिरवं. हे बाबांना सांगितलं तर ते खूश होऊन म्हणाले, "एका डायमध्ये दोन पार्ट. हुशार माणूस आहे."

तर गोष्ट अशी, की हा डबा घरी आल्यावर महिन्याभरात बंद पडला. आम्ही रडारड केली. बाबांनी गुरुवारची वाट पाहिली. लाइट नसल्याने दुसरं काम नव्हतंच. खिडकीपाशी पेपर पसरून त्यांनी स्क्रू काढले. आम्ही शाळेतून आलो तेव्हा ते डबा पुन्हा बंद करत होते. पॉवरच्या सॉकेटचा डाग सुटला होता, तो त्यांनी संध्याकाळी लाइट आल्यावर डागला. मग म्हणाले, "बघू तरी काय आहे", आणि आयुष्यात पहिल्यांदा मारियो खेळायला बसले. पहिल्याच कासवाला धडकून मेले. तीन वेळा. पण त्या गुरुवारपासून एक पद्धत पडली. आम्ही शाळेतून आलो की अंधार पडेपर्यंत तिघं टीव्हीपुढे. ते "कॉन्ट्रा"त माझा जोडीदार व्हायचे आणि माझी आयुष्यं वापरून टाकायचे. वर-वर, खाली-खाली, डावा-उजवा, डावा-उजवा, बी, ए हा मंत्र त्यांनी कारखान्यातल्या सेटिंगसारखा वहीत लिहून ठेवला होता. (हा मंत्र काझुहिसा हाशिमोतो या प्रोग्रॅमरने 1986 च्या "ग्रेडियस"साठी केला होता. मूळ गेम त्याला स्वतःलाच जड जात होता म्हणून! 2020 मध्ये तो वारला, तेव्हा मला बाबांची ती वही आठवली.)

आता दुसरी गोष्ट. ती इतकी मजेची नाही.

1996 साली बाबांनी एका पार्टीसाठी एक ड्रिलिंग जिग डिझाइन केलं. पार्टीचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. एका पार्टला सात भोकं, तीन वेगवेगळ्या कोनांत. आधीच्या जिगमध्ये पार्ट तीनदा काढून लावावा लागायचा, बाबांच्या जिगमध्ये एकदाच. दीड-दोन महिने रात्री जागून त्यांनी ते ड्रॉइंग काढलं. सॅम्पल पास झालं. पार्टीने "रेकॉर्डसाठी" म्हणून ड्रॉइंगची कॉपी मागून घेतली. ऑर्डर येईल म्हणून बाबांनी मटेरियल भरून ठेवलं. ऑर्डर आली, पण पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या गाळ्याला. तेच ड्रॉइंग, तेच माप, कोपऱ्यातली बाबांची सही तेवढी खोडलेली. त्याला डिझाइनचा खर्च नव्हता, त्यामुळे त्याचा रेट कमी.

बाबा भांडायला गेले नाहीत. घरी आले, जेवले नाहीत. बराच वेळ गप्प बसून मग आईला एवढंच म्हणाले, "त्याने लोखंड चोरलं असतं तर चाललं असतं. दोन महिन्यांच्या रात्री चोरल्या." मटेरियलचं कर्ज फेडायला पुढची दोन वर्षं गेली. लेथ विकावी लागली. आणि त्या काळात आम्ही दोघं भाऊ आतल्या खोलीत आवाज बारीक करून मारियो खेळत होतो. तो कुणी तरी कुणाच्या तरी रात्री चोरूनच आमच्यापर्यंत आणला होता, हे तेव्हा आमच्या डोक्यात यायचं काहीच कारण नव्हतं. बाबांच्या आलं होतं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

पुढे मीही याच धंद्यात आलो. आज चाकणच्या एका कारखान्यात आहे. "जेन्युइन पार्ट वापरा" असं छापलेल्या खोक्यांच्या राशींमधून रोज चालतो. पण शहाणपण लगेच येत नाही. 2004 च्या सुमारास भावाने पहिल्या पगारातून प्लेस्टेशन 2 घेतलं. घेतानाच त्यात "चिप" बसवून घेतली. तेव्हा ते इतकं सर्रास होतं की चिप नसलेलं यंत्र घेणाऱ्याला लोक खुळा समजत. चिपेमुळे यंत्राची अस्सल डिस्क ओळखण्याची तपासणी टळायची आणि फुटपाथवरची डीव्हीडी चालायची. गंमत म्हणजे त्याच प्लेस्टेशन 2 साठी 2009 मध्ये हैदराबादच्या मंडळींनी "हनुमान: बॉय वॉरियर" बनवला. भारतात तयार झालेला या यंत्रावरचा तो पहिलाच गेम. ज्या बाजारात अस्सल डिस्क कुणी विकतच घेत नाही, तिथे पुढचा गेम काढायची हिंमत कोण करणार? आपण नक्कल करतो तेव्हा दूरच्या जपान्याचं नुकसान होतं असं आपल्याला वाटतं. पलीकडच्या गल्लीतला गाळा कधी आपला असतो, ते कळत नाही.

असो. चिरंजीवांच्या प्रश्नाकडे येऊ. यंत्रात बदल करणं हा गुन्हा आहे का?

मी वकील नाही. पण कायदा काढून वाचला, आणि तो वाटतो तितका अवघड नाही. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. संगणक प्रोग्रॅम त्यात 1984 च्या दुरुस्तीने आले. म्हणजे 1994 च्या दिवाळीतल्या आमच्या कॅसेटी तेव्हाही बेकायदाच होत्या, "त्या काळी कायदाच नव्हता" ही सबब चालत नाही. कलम 52 मध्ये काही सवलती आहेत. कायदेशीररीत्या मिळवलेली प्रत तुमच्याकडे असेल, तर ती खराब होईल या भीतीने तुम्ही राखीव प्रत काढू शकता. स्वतःच्या, बिनव्यापारी वापरासाठीही प्रत काढू शकता. पण शब्द नीट वाचा, "कायदेशीररीत्या मिळवलेली". माझी कॅसेट तीस वर्षं माझ्याकडे असली तरी तिचं मूळच नकली. नकली कॅसेटची राखीव प्रत म्हणजे खोट्या नोटेची झेरॉक्स.

मग कुलूप फोडण्याचं काय? 2012 च्या दुरुस्तीने कलम 65ए आलं. संरक्षणासाठी लावलेला तांत्रिक अडसर हक्कभंगाच्या हेतूने ओलांडला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. इथे सगळा भार "हेतू" या शब्दावर आहे. कायद्याने मना नसलेल्या कामासाठी अडसर ओलांडला तर हे कलम लागू होत नाही. मात्र दुसऱ्याला त्यासाठी मदत करणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि काम कशासाठी केलं याची नोंद ठेवायची असते. यंत्राला चिप बसवून देणाऱ्या किती जणांनी अशी वही ठेवली असेल, देव जाणे. आणि नकली प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरला तर कलम 63बी. सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापरला नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं.

जगातही यावर एकमत नाही. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने 2005 साली मॉड चिपवाल्याच्या बाजूने निकाल दिला. अमेरिकेत 1992 साली निन्टेन्डो "गेम जिनी" या उपकरणाविरुद्ध हरली. गेममध्ये आयुष्यं वाढवून घेणं म्हणजे गेमची नक्कल नव्हे, असं न्यायालय म्हणालं. उलट त्याच अमेरिकेत यंत्रांची कुलुपं तोडून देण्याचा धंदा करणाऱ्या टोळीतल्या एकाला 2022 मध्ये 40 महिन्यांची शिक्षा झाली. या सगळ्यातून मला एवढं कळलं: पाना-स्क्रूड्रायव्हर हा गुन्हा नाही, कुणाच्या दाराला लावला यावर सगळं आहे.

एक मुद्दा मात्र दुसऱ्या बाजूने मांडायलाच हवा. अस्सल घ्यायचं म्हटलं तर मिळतं कुठे? निन्टेन्डोने वी यंत्राचं दुकान 30 जानेवारी 2019 ला बंद केलं, 3डीएस आणि वी यू चं 27 मार्च 2023 ला. 2023 मध्येच अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने मोजदाद केली, तर 2010 पूर्वी तिथे आलेल्या गेमपैकी 87 टक्के आज बाजारात विकत मिळतच नाहीत. ज्याचा मालक विकतही नाही आणि सोडतही नाही, असा माल कुलपात कुजतो. ही जुनी यंत्रं उघडून, दुरुस्त करून चालू ठेवणारे हौशी लोक नसते तर निम्मा इतिहास भंगारात गेला असता. म्हणून मी त्यांना सरसकट चोर म्हणणार नाही. पण दुकान बंद झालं म्हणून माल फुकट झाला असंही नाही.

आता प्रत्यक्ष काम. एका गुरुवारी रजा टाकली, बाबांना खुर्चीत बसवलं, चिरंजीवांना शाळेतून येऊ दिलं आणि डबा उघडला. आत दोन मोठ्या चिपा, यूए6527पी आणि यूए6538. त्या पाहून एक जुनं कोडं सुटलं. आपला टीव्ही सेकंदाला 50 चित्रांचा, जपानचा 60 चा. गेम चित्रागणिक पुढे सरकतो. त्यामुळे या नकली चिपांवर जपानी गेम सहाव्या हिश्श्याने हळू चालतो. पण आवाजाची चिप जवळजवळ मूळ वेगानेच धावते, म्हणून सूर तेच राहतात, फक्त लय उतरते. द्रुतातली चीज मध्यलयीत म्हटल्यासारखी. पुढे इंटरनेटवर मूळ मारियो ऐकला तेव्हा तो मला घाईत असल्यासारखा का वाटला, ते आत्ता कळलं. आम्ही ज्या मारियोबरोबर वाढलो तो सगळ्या अर्थांनी नकली होता, आणि जरा सावकाश होता. मुलांना आणि बाबांना सोयीचा!

सुरक्षेच्या बाबतीत बाबांनी सूत्रं हातात घेतली. पहिली गोष्ट अडॅप्टर. जुना थेट भंगारात. मूळ फॅमिकॉमला आतली पिन ऋण आणि बाहेरची धन लागते, आजच्या बहुतेक अडॅप्टरांचं उलटं असतं. नकली डब्यांत तर दोन्ही तऱ्हा सापडतात. आणि अमेरिकी एनईएसचा अडॅप्टर एसी देतो, तो चुकून इथे लावला तर धूर. म्हणून मल्टिमीटरने पिना तपासून, आतल्या रेग्युलेटरला मानवेल असा 9 व्होल्टचा चांगला अडॅप्टर घेतला. दुसरी गोष्ट कॅपॅसिटर. तीस वर्षांत दोन फुगले होते. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत तसेच नवे मिळाले. तिसरी गोष्ट चित्र. नव्या टीव्हीवर अँटेनाच्या वायरीतून येणारं चित्र नीट दिसेना, म्हणून एक ट्रान्झिस्टर आणि काही रेझिस्टर लावून सरळ एव्ही आउटपुट काढला. आमच्या डब्यातला बदल तो एवढाच. चौथी गोष्ट कॅसेटचे संपर्क. बालपणी आपण सगळ्यांनी त्यात फुंकर मारली. फुंकरीने काही होत नाही. कॅसेट काढून पुन्हा घातल्यानेच ती लागते आणि थुंकीच्या ओलाव्याने पितळ मात्र खराब होतं. कानकोरण्याचा कापूस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, बस्स. आणि कुणाकडे जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही असेल तर त्याचं मागचं झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही आत हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात. इथे हौस उपयोगाची नाही.

भावाच्या प्लेस्टेशनबद्दलही चिरंजीवांनी विचारलंच. त्याला आता डाग द्यायची गरज नसते. "फ्री मॅकबूट" नावाचा प्रोग्रॅम मेमरी कार्डावर बसतो, कार्ड काढलं की यंत्र पूर्वीसारखं. पण जिथे यंत्राच्या आतल्या मेमरीला हात लावायचा असतो तिथे आधी तिची पूर्ण प्रत काढून दुसरीकडे ठेवल्याशिवाय एक पाऊलही टाकू नये, नाहीतर यंत्राची वीट होते. बदललेलं यंत्र कंपनीच्या ऑनलाइन सेवेला जोडू नये, खातं बंद होतं. आणि "सगळे गेम एका फाइलमध्ये" असं म्हणणाऱ्या साइटवरून काही उतरवू नये. तिथे गेमबरोबर आणखी काय येतं ते उतरवणाऱ्याला शेवटी कळतं.

राहिला प्रश्न गेमचा. नकली कॅसेटी मी सुतळी बांधून पुन्हा खोक्यात ठेवल्या. मग एक गंमत सुचली. आमचा डबा जपानी यंत्राची नक्कल, म्हणजे 60 पिनांची अस्सल जपानी कॅसेट त्यात थेट बसायला हवी! कारखान्यातला एक सहकारी ट्रेनिंगला जपानला चालला होता. त्याला यादी दिली. तो येताना वापरलेली पण अस्सल "सुपर मारियो ब्रदर्स" घेऊन आला. पिवळीधमक. मागे कुणा जपानी पोराने पेनने काही तरी लिहिलेलं. बहुधा "हात लावू नये" असणार. शिवाय आजही काही लोक या चाळीस वर्षं जुन्या यंत्रासाठी नवे गेम लिहितात, हेही याच काळात कळलं. 2019 चा "मायक्रो मेजेस" त्याच 40 किलोबाइटांत बसवलेला आहे आणि बनवणारे तो रीतसर विकतात. "नोव्हा द स्क्विरल" तर उगमासकट मोफत खुला आहे. ज्याने बनवला त्यानेच "घ्या" म्हटलं की मग फुकट घ्यायला काय हरकत?

तर शेवटी तो गुरुवार आला. पिवळी कॅसेट पिवळ्या पडलेल्या डब्यात टाकली. टक् करून बसली. बटण दाबलं. तीच धून, तीच लय, आमची ती संथ लय. चिरंजीव पहिल्या खड्ड्यात पडले. मी दुसऱ्या. मग रिमोट बाबांकडे दिला. त्यांची बोटं आता थरथरतात, पण पहिलं कासव त्यांनी ओलांडलं. पाईपवर चढून थांबले आणि स्क्रीनकडे बघत म्हणाले, "मला माहीत होतं रे."

"काय?"

"त्या वेळी. दुकानात. जपानी नाही ते. एवढ्या किमतीत कसं असेल? मी विचारलं नाही. तुम्ही दोघं इतके नाचत होतात." मग जरा थांबून, "ड्रॉइंग गेलं ना, तेव्हा पहिल्यांदा मला हाच डबा आठवला होता."

मी काहीच बोललो नाही. चिरंजीवांना यातलं काय कळलं कोण जाणे. तो म्हणाला, "आजोबा, वेळ संपतोय, उडी मारा!"

आजोबांनी मारली.